उंदरांनी कुरतडलेलं डिझेल इंजिन : निदान कुठून सुरू करावं?

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम संपला की ऊसवाहतुकीचे कितीतरी ट्रॅक्टर शेडला लागतात, ते दसरा-दिवाळीलाच बाहेर निघतात. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका शाकारून उभ्या असतात. शहरातल्या सोसायट्यांचे जनरेटर वर्षातले बहुतेक दिवस बंदच असतात. यंत्र असं विसावलेलं असतं तेव्हा उंदीर-घुशींना निवांत जागा मिळते. मग यंत्र सुरू करायची वेळ येते आणि सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. कधी पकडतं आणि अर्ध्या मिनिटात बसतं. कधी चालू राहतं, पण लोड घेत नाही. तिन्ही वेळी मालकाची तक्रार एकच असते : ‘डिझेल येत नाहीये.’

बॉनेट उघडलं की लेंड्या, चिंध्या, सोललेल्या वायरी दिसतात आणि कारण सापडलं असं सगळ्यांना वाटतं. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. डोळ्यांना दिसलेली जखम आणि इंजिनाची तक्रार यांचा संबंध असेलच असं नाही. दिसलेली वायर जोडून इंजिन सुरू झालं नाही की पंप काढला जातो, नोझल कॅलिब्रेशनला जातात, सेन्सर बदलले जातात, आणि बरेच पैसे खर्च झाल्यावर टाकीजवळच्या नळीला सुईएवढं भोक सापडतं. अशा वेळी निदान कुठून सुरू करावं, दुरुस्ती कितपत करावी आणि खर्च कोणी सोसावा, यावर मेकॅनिक, सर्व्हिस सेंटर आणि विमा सर्वेक्षक यांची मतं वेगवेगळी आहेत.

प्रश्न कुठून आला

जुन्या डिझेल इंजिनाला सुरू झाल्यावर विजेची गरज नव्हती. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आणि १९५१ साली इंधनपंप बनवणाऱ्या बंगळुरूच्या मायकोची स्थापना झाली. त्यानंतरच्या काही पिढ्यांनी जी इंजिनं आणि जे इंधनपंप वापरले, त्यांत डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे कॅम, प्लंजर आणि गव्हर्नर ठरवत असत. बंद करायला एक दांडा किंवा केबल ओढायची. उंदराने दिव्यांची सगळी वायरिंग फस्त केली तरी असं इंजिन हँडल मारून किंवा धक्का देऊन चालू होई आणि चालू राही. उंदराचा उपद्रव व्हायचा तो रबरी नळ्यांना.

पुढे दोन बदल झाले. धातूच्या नळ्यांची जागा बऱ्याच ठिकाणी नायलॉनच्या आणि रबरी नळ्यांनी घेतली. आणि इंधनाचा हिशेब ईसीएमकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे गेला. सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) जास्त दाबाचं डिझेल देणारी कॉमन रेल पद्धत १९९७ साली युरोपातल्या मोटारगाड्यांत आली आणि पुढच्या दशकात आपल्याकडे रुळली. मग धुराची मानकं कडक झाली : १ एप्रिल २०२० पासून वाहनांना बीएस-६ लागू झालं, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ लागू झालं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून जनरेटरना सीपीसीबी-४ प्लस. त्यामुळे ज्या शेडमध्ये आणि ज्या गच्चीखाली पूर्वी निव्वळ यांत्रिक इंजिन उभं असे, तिथे आता सेन्सर आणि वायरींचं जाळं असलेलं इंजिन उभं आहे. उंदीर होते तिथेच आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतल्या गाड्या एका जागी उभ्या राहिल्या तेव्हा हाच अनुभव मोटारमालकांनाही आला.

गावोगावी आज दोन्ही पिढ्यांची यंत्रं शेजारी-शेजारी उभी असतात. निदानाबद्दलचे मतभेद बरेचसे यातूनच येतात. एक जण यांत्रिक पंपाच्या अनुभवावरून बोलतो, दुसरा कॉमन रेलच्या.

उंदीर काय करतो

उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. त्यांच्या पुढच्या आवरणात लोह असतं, म्हणून ते पिवळट-नारिंगी दिसतात आणि तांब्याच्या तारेला सहज पुरून उरतात. शेताजवळच्या शेडमध्ये लहान घूस आणि काळा उंदीर हे नेहमीचे पाहुणे. ऊस तुटला, भात कापलं, की त्यांना नवा आसरा हवा असतो. इंजिनावरची ऊब, बॅटरीमागची सांदी, एअर फिल्टरचा डबा, हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडीची मऊ टेप, हे सगळं घरट्याला सोयीचं.

दातांच्या खुणा नीट पाहिल्या तर बरंच कळतं. उंदराने कुरतडलेल्या नळीवर जोडीजोडीने आडव्या खाचा दिसतात, कडा तुटक असतात आणि खाली रबराचा किंवा प्लॅस्टिकचा बारीक भुगा पडलेला असतो. घासून झिजलेली नळी एका बाजूने गुळगुळीत, चपटी असते. उन्हाने आणि वयाने गेलेल्या रबराला नळीच्या लांबीभर बारीक भेगा असतात. विम्याच्या दाव्यात हा फरक फार उपयोगी पडतो. भुगा ताजा असेल तर तो पुसण्याआधी फोटो काढून ठेवावा.

पुसताना मात्र रबरी हातमोजे आणि जंतुनाशकाने ओलं केलेलं फडकं वापरावं. कोरडा झाडू किंवा हवेचा पाइप मारू नये. उंदराच्या मुताने पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला आणि मुंबईला चांगला ठाऊक आहे. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. गॅरेजमध्ये हाताला ओरखडे असतातच.

एका बाजूचं म्हणणं : आधी स्कॅनर

कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आणि नव्या पिढीचे ऑटो-इलेक्ट्रिशियन सांगतात की कॉमन रेल इंजिनाला हात लावण्याआधी स्कॅनर जोडा. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

कॉमन रेलमध्ये सेल्फ मारताना रेलचा दाब एका ठरावीक पातळीवर, बहुतेक इंजिनांत दीडशे ते अडीचशे बारच्या आसपास, पोचल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. क्रँक सेन्सरचा संकेत मिळाला नाही तरीही उघडत नाही. म्हणजे डिझेल टाकीपासून रेलपर्यंत व्यवस्थित असूनही सिलेंडरमध्ये थेंब पडणार नाही, आणि बाहेरून ते ‘डिझेल येत नाही’ असंच दिसेल. सेल्फ मारत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर गेली, हे दहा सेकंदांत कळतं. नळ्या सोडायची गरज उरत नाही. आरपीएम दिसतो पण रेलचा दाब वाढत नाही, असं असेल तर मोर्चा डिझेलकडे वळतो.

याच गटाचा दुसरा मुद्दा पाच व्होल्टच्या पुरवठ्याचा. ईसीएम अनेक सेन्सरना एकाच पाच व्होल्टच्या वाटेवरून वीज देतो. उंदराने त्यातली एक वायर सोलून ती बॉडीला टेकली की त्या वाटेवरचे सगळे सेन्सर एकदम चुकीचं सांगू लागतात. स्कॅनर चार-पाच कोड दाखवतो. अनुभवी माणूस अशा वेळी सेन्सर बदलत नाही. तो एकेक कपलर काढत जातो आणि कुठला काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात ते पाहतो.

स्कॅनरच्या मर्यादाही याच मंडळींना सर्वांत जास्त माहीत आहेत. कोड सर्किटचं नाव सांगतो, जागा सांगत नाही. पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी, हा कोड सर्वांत फसवा. तो नळीतल्या हवेने येतो, चोंदलेल्या फिल्टरने येतो, झिजलेल्या पंपाने येतो, गळक्या इंजेक्टरने येतो आणि पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हची वायर तुटल्यानेही येऊ शकतो. या व्हॉल्व्हची गंमत पाहण्यासारखी आहे. काही पंपांत तो वीज नसताना पूर्ण उघडा असतो, काहींत पूर्ण बंद. त्यामुळे नेमकी तीच वायर उंदराने तोडली तर एका मेकच्या इंजिनात रेलचा दाब भलताच चढतो आणि दुसऱ्या मेकच्या इंजिनात इंजिन सुरूच होत नाही. एका गाडीवरचा अनुभव दुसऱ्या गाडीला लावताना इथे हमखास घोळ होतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं : आधी डिझेलचा माग

जुने डिझेल फिटर आणि पंपवाले यांचा आग्रह असा की आधी डिझेल कुठपर्यंत येतं ते पाहा, वायरी मागाहून. हा आग्रह जुन्या सवयीतून येतो असं काहींना वाटतं. मला तो त्याहून अधिक भक्कम वाटतो, कारण उंदराच्या एका अगदी नेहमीच्या करणीचा कोड कुठल्याही स्कॅनरवर सरळ येत नाही. ती करणी म्हणजे ओढ्या नळीला पडलेलं बारीक भोक.

टाकीतून डिझेल दोन प्रकारे पुढे जातं. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो डिझेल ढकलतो. तिथे नळीला भोक पडलं की डिझेल बाहेर येतं, जमिनीवर डाग पडतो, वास येतो, शोध सोपा. पण बऱ्याच पिकअप, ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये इंजिनावरचा फीड पंप किंवा मुख्य पंपातला गिअर पंप डिझेल ओढून घेतो. तिथे नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर बारीक छिद्र असलं की पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच इथे होतं. थेंबही गळत नाही आणि इंजिन मात्र एअर घेत राहतं.

ट्रॅक्टरमध्ये यात आणखी एक वळण आहे. टाकी वर असेल आणि भरलेली असेल तर तेच भोक गळतं. टाकी अर्ध्यावर आली की तेच भोक हवा ओढू लागतं. मालक सांगतो, ‘सकाळी टाकी फुल केली की चालतो, दुपारी बंद पडतो.’ ऐकणाऱ्याला ते उष्णतेचं लक्षण वाटतं आणि पंपावर संशय जातो.

याची परीक्षा साधी आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. फिल्टरच्या आधी, पंपाच्या तोंडाशी, वीतभर पारदर्शक नळी क्लिप लावून बसवायची. हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी नळीत फेसाळ, दुधट डिझेल येतं. एअर निघून गेली की ते स्वच्छ होतं आणि प्रायमर हाताला कडक लागतो. मग इंजिन सुरू करून रेस वाढवायची. ओढ वाढते तसे नळीच्या वरच्या अंगाला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकू लागले, तर हवा पंपाच्या मागून, टाकीच्या बाजूने येते आहे. यानंतर टाकीची नळी सोडून पंपाची नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडायची. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते पंप या टप्प्यात पक्का झाला. थांबले नाहीत तर पंपाजवळची उरलेली नळी, बॅन्जो बोल्टचे वॉशर, फिल्टरचा ओ-रिंग. या सगळ्याला स्कॅनर लागत नाही, वेळ अर्धा तास लागतो. परीक्षा झाल्यावर ती पारदर्शक नळी काढायलाच हवी. साधी पीव्हीसी नळी डिझेलमध्ये कडक होते आणि काही महिन्यांनी स्वतःच एअर घेऊ लागते.

ओढ मोजायला व्हॅक्युम गेज मिळालं तर आणखी एक उलगडा होतो. ओढ जास्त दाखवत असेल तर नळी कुठे तरी चेपली आहे, फिल्टर चोंदला आहे किंवा टाकीचं श्वासछिद्र घरट्याच्या मातीने बुजलं आहे. ओढ बसतच नसेल तर हवा येते आहे.

परतीच्या नळ्यांबद्दल मात्र या गटाचा अनुभव अपुरा पडतो. यांत्रिक इंजिनात आणि सोलेनॉइड इंजेक्टरच्या बहुतेक कॉमन रेल इंजिनांत रिटर्नची बारीक नळी कुरतडली गेली तर इंजिन चालत राहतं, डिझेल वरून ठिबकतं. धोका तापलेल्या टर्बोवर ठिबकण्याचा. पण पिझो इंजेक्टरच्या काही इंजिनांत रिटर्नच्या बाजूला सुमारे १० बार दाब टिकावा लागतो, नाहीतर इंजेक्टर उघडतच नाहीत. तिथे बोटभर लांबीची रिटर्न नळी तुटली की इंजिन पूर्ण बंद, आणि जुना फिटर तिच्याकडे शेवटी पाहतो.

जुन्या पद्धतीतली एक सवय कॉमन रेलवर अजिबात चालत नाही : सेल्फ मारता मारता नोझलच्या पाइपचा नट सैल करून एअर काढणं. रेलमध्ये आयडलला अडीचशे-तीनशे बार आणि लोडवर दोन हजार बारपर्यंत दाब असतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करायची वेळ येते. असं झालं तर मलमपट्टी करून घरी बसू नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावं आणि आत डिझेल गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

दोन्ही बाजू जिथे भेटतात

बारकाईने पाहिलं तर हा वाद पुष्कळसा इंजिनाच्या जातीचा आहे. पंप यांत्रिक असेल तर वायरींपैकी एकच वायर महत्त्वाची : बंद करायला केबलऐवजी स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याची. ज्या पंपांत हे सोलेनॉइड वीज मिळाल्यावर डिझेलची वाट उघडतं, तिथे वायर तुटली की डिझेल बंद. चावी फिरवल्यावर पंपाजवळ ‘टक’ असा आवाज येतो का हे कान लावून ऐकायचं आणि टेस्ट लॅम्प लावायचा. दोन मिनिटांचं काम. उरलेलं निदान डिझेलच्या मागाने. इंजिन कॉमन रेलचं असेल तर आधी स्कॅनरवर आरपीएम आणि रेलचा दाब हे दोन आकडे पाहायचे आणि ते ज्या बाजूला बोट दाखवतील तिकडे जायचं. पण स्कॅनर हाती घेण्याआधी टाकीपासून इंजिनापर्यंत नळीवरून एकदा हात आणि बॅटरीचा झोत फिरवावा, यावर आता दोन्हीकडच्या जाणत्यांचं जवळपास एकमत आहे.

आणखी एका गोष्टीवर दोघेही भर देतात : डिझेलचा दोष वाटणारे दोष डिझेलबाहेर शोधायला विसरू नका. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं असेल तर काळा धूर येतो आणि पिकअप जातं. ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर उघडा राहिला असेल तर त्यात चिंध्या, पाचट सापडतं. बीएस-६ ट्रकमध्ये युरियाची नळी कुरतडली गेली तर गळतीच्या जागी पांढरे खडे जमतात, आणि काही काळाने ईसीएम मुद्दाम ताकद कमी करतो. ड्रायव्हरला वाटतं डिझेल कमी पडतंय. कंट्रोल युनिटना एकमेकांशी जोडणाऱ्या ‘कॅन’ जाळ्याच्या पिळाच्या दोन वायरींपैकी एक गेली तर त्यांच्यातला संवाद तुटतो आणि कोडांची रांग लागते. बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये सुमारे ६० ओहम मिळायला हवेत; १२० मिळाले तर एका टोकाचा संबंध सुटला आहे.

वायर तपासताना ओहमवर विसंबण्याबद्दलही आता सावधपणा आला आहे. वायरीच्या आतल्या बऱ्याच तारा तुटून एखादीच उरली असेल तरी मल्टिमीटर सलग दाखवतो. तीच वायर रिले किंवा पंपाचा भार घेताना दगा देते. म्हणून त्या वायरीवर बल्ब पेटवून पाहणं किंवा भार चालू असताना दोन टोकांतली व्होल्टची घट मोजणं, ही पद्धत जास्त खात्रीची.

सेल्फ मारत राहण्याचं नुकसान

या सगळ्यात ज्याची चर्चा सर्वांत कमी होते आणि ज्याने सर्वांत मोठं बिल होतं, ते म्हणजे निदानाआधी पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. देशभर ५० पीपीएम गंधकाचं डिझेल २०१७ साली आणि १० पीपीएमचं २०२० साली आलं. गंधक काढताना डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता कमी होते. ती घातलेल्या द्रव्यांनी भरून काढली जाते. नळीत डिझेलऐवजी हवा असेल तर पंपाच्या घासणाऱ्या भागांवर तेही उरत नाही. पंप खरवडतो, त्याचा चमकी भुगा रेलमध्ये, तिथून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नने टाकीत जातो. नळी बदलून जे काम काही शे रुपयांत झालं असतं ते पंप, रेल, इंजेक्टर आणि टाकी साफ करण्यापर्यंत जातं. फिल्टर उघडून डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओतावं. चांदीसारखी चमक दिसली तर सेल्फ पुन्हा मारू नये. मोजका सेल्फ, मध्ये विश्रांती, आणि आधी प्रायमरने एअर काढणं, एवढं मालकाने पाळलं तरी पुढचे अर्धे वाद होणार नाहीत.

जोड द्यावा की हार्नेस बदलावा

सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा पूर्ण हार्नेस बदलायला सांगतात. कारण एक जखम दिसली तर आत न दिसणाऱ्या दोन असू शकतात. नुसतं आवरण सोललेली वायर उन्हाळ्यात चालते आणि पावसाळ्यात हिरवी पडून आतल्या आत खंगत जाते. दुरुस्तीची हमी द्यायची तर हार्नेस नवं हवं, हे त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण हार्नेसची किंमत मोठी, ते मिळायला आठवडे लागतात, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर तेवढा वेळ उभा राहू शकत नाही. शिवाय ते बसवताना शंभर ठिकाणचे कपलर सोडावे लागतात आणि त्यातूनही नवे दोष येतात.

स्थानिक ऑटो-इलेक्ट्रिशियन जोड देतात. चांगला जोड टिकतो यावर त्यांचा विश्वास आहे, आणि पुष्कळ जोड वर्षानुवर्षं टिकलेले दिसतात. मात्र पीळ घालून टेप गुंडाळलेला जोड इथे चालत नाही. योग्य जाडीची वायर, क्रिंप, आतून चिकट असलेली हीट श्रिंक ट्यूब, आणि शेजारच्या वायरींचे जोड एका रेषेत न ठेवता पुढेमागे. क्रँक सेन्सरच्या वायरीला जाळीचं आवरण असेल तर तेही सलग करावं. कॅनच्या वायरींचा पीळ जोडाच्या जागीही राखावा. इंजेक्टरच्या वायरींवर सोलेनॉइडमध्ये साठ-सत्तर व्होल्टपासून आणि पिझोमध्ये शंभराच्या वर झटका येतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथे पिन खुपसू नये. सोल्डर करावं की नुसतं क्रिंप, यावर अजून दोन तट आहेत. सोल्डरची कड कंपनाने तुटते असं एकांचं म्हणणं. क्रिंपच्या फटीत दमट हवा शिरते असं दुसऱ्यांचं.

डिझेलच्या नळीला मात्र जोड देऊ नये, सबंध बदलावी, यावर कोणाचाही मतभेद नाही.

सोयाबीन, तंबाखू आणि इतर उपाय

वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून बनवलेले घटक आल्यामुळे उंदीर जास्त येतात, हा समज बराच पसरलेला आहे. अमेरिकेत २०१६ साली टोयोटा आणि होंडा या कंपन्यांविरुद्ध याच मुद्द्यावर दावे झाले. कंपन्यांचं उत्तर असं की उंदीर त्याआधीही वायरी कुरतडत होते आणि सोयाघटकांमुळे ते ओढले जातात याला पुरावा नाही. दुसरीकडे होंडा मिरचीतला तिखट घटक असलेली टेपही विकते. जर्मनीत हाच उपद्रव मार्टेन नावाचा मुंगसासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी करतो. तिथल्या विमा कंपन्यांकडे वर्षाला दोन लाखांच्या आसपास प्रकरणं जातात, आणि त्या प्राण्याला सोयाबीनचं आकर्षण असण्याचं कारण नाही. सोयाबीनचा सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरत नाही, पण एकटा पुरेसाही ठरत नाही.

प्रतिबंधाच्या उपायांत आपल्याकडे तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फिनाइल, अल्ट्रासॉनिक यंत्रं असं सगळं चालतं. उंदीर नव्या वस्तूला काही दिवस बिचकतो, म्हणून प्रत्येक उपाय सुरुवातीला लागू पडल्यासारखा वाटतो. अल्ट्रासॉनिक यंत्रांच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच उत्पादकांना इशारा दिला होता. विषाने उंदीर मरतो, पण अनेकदा इंजिनातच मरतो, आणि त्याला खाणारं घुबडही धोक्यात येतं. अनुभवाला उतरणारे उपाय कंटाळवाणे आहेत : शेडमधून धान्य आणि पेंड हलवणं, नळ्यांवर स्टीलची जाळीदार बाही घालणं, सायलेन्सर आणि एअर इनटेकला झाकण, आणि आठवड्याला एकदा इंजिन सुरू करून बॉनेट उघडं ठेवणं.

विम्याचा पेच

आपल्याकडच्या मोटार विम्याच्या प्रमाण करारात स्वतःच्या वाहनाचं नुकसान ‘बाह्य अपघाती कारणांनी’ झालं तर भरपाई मिळते. उंदराच्या दाव्यांचा आधार बहुधा हाच. त्याच करारात झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं आहे. नळीला पडलेलं भोक पहिल्या कलमात बसतं. पण हवा ओढून पंप खरवडला तर ते परिणामी नुकसान की त्याच घटनेचा भाग? सर्वेक्षक पहिलं म्हणतात, मालक दुसरं. काही कंपन्या उंदीरचाव्यासाठी वेगळं जोडकलम विकतात. त्यातही पंप आणि इंजेक्टर येतात की नाही हे शब्दांवर ठरतं. दोष सापडल्यावर वाहन सुरू न करता कळवलं होतं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. म्हणून निदान कोणत्या क्रमाने झालं याची नोंद, तारखेसह फोटो आणि काढलेली नळी जपून ठेवणं, हा आता दुरुस्तीचाच भाग झाला आहे.

काय उरलं

जोड दिलेली हार्नेस किती पावसाळे टिकतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. त्यामुळे जोड की बदल, हा वाद अनुभवाच्या जोरावर चालू राहणार. पंपाचे ओरखडे उंदराच्या प्रसंगात पडले की आधीचेच होते, हे पंप उघडल्यावरही अनेकदा खात्रीने सांगता येत नाही. नळ्या आणि वायरींना उंदरांचा सामना किती करता यावा, याबद्दल खरेदीदाराला तुलना करता येईल असं काही गाडीच्या माहितीपत्रकात येत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न माहितीचा आहे. कुठल्या पिनला कुठली वायर, कुठला व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा राहतो, रिटर्नला किती दाब हवा, हे समजल्याशिवाय तालुक्याच्या गावातला कुशल मिस्त्रीही अंदाजानेच काम करतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनं आणि शेतीची अवजारं ही क्षेत्रं घेतली. ट्रॅक्टर आणि पिकअप बनवणाऱ्या कंपन्या पिननिहाय वायरिंग डायग्राम आणि दाबाचे आकडे स्वतंत्र गॅरेजना कितपत देतील, कोणत्या भाषेत आणि कोणत्या दराने देतील, यावर पुढच्या काही हंगामांत या निदानाची दिशा ठरेल.